मोंदो, आणि त्याच्यामागून येणारी गाडी

दहाएक वर्षांचा एक मुलगा नीस शहराच्या रस्त्यात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे न्याहाळतो. एखादा चेहरा आवडला की पुढे होतो आणि विचारतो, ‘तुम्ही मला दत्तक घ्याल का?’ आवाजात लाचारी नसते, भीक मागण्याचा सूरही नसतो. समोरचा माणूस चपापतो. काय बोलावं ते सुचेपर्यंत पोरगा गर्दीत दिसेनासा झालेला असतो.

तोनी गातलिफ यांच्या ‘मोंदो’ या १९९५ सालच्या फ्रेंच चित्रपटातलं हे पोर. हा चित्रपट पाहिल्यापासून मी अनेकांना तो पाहायला सांगत आले आहे. कथा सांगायला गेलं तर दोन वाक्यांत संपते. कुठून आला ते ठाऊक नसलेला एक बेघर मुलगा शहरात येतो, माणसं त्याच्यावर जीव लावतात आणि एक दिवस सरकारी यंत्रणा त्याला उचलून नेते. चित्रपट दीड तासाचाही नाही. पण ‘जीव लावतात’ आणि ‘उचलून नेते’ या दोहोंच्या मध्ये जे आहे ते मला फार मोठं वाटतं, आणि त्याबद्दलच लिहायचं आहे.

नीस हे भूमध्य समुद्राकाठचं श्रीमंत शहर. एकोणिसाव्या शतकात थंडी टाळायला इंग्लंडमधले धनवान लोक इथे येऊन राहायचे. समुद्राला लागून जाणारा शहरातला सर्वांत प्रसिद्ध रस्ता आजही त्या इंग्रजांच्याच नावाने ओळखला जातो. म्हणजे परक्याचं स्वागत करण्याची इथे जुनी सवय आहे, मात्र परक्याच्या खिशात पैसे हवेत. अशा शहराच्या बागेत, जिन्यांच्या आडोशाला, किनाऱ्यावरच्या दगडांच्या सांदीत मोंदो झोपतो. सकाळी बाजारात फळांच्या पेट्या उतरवायला हात लावतो आणि त्याबद्दल मिळेल ते खातो.

त्याला भेटणारी माणसंही बहुतेक काठावरचीच आहेत. कबुतरं बाळगणारा म्हातारा दादी स्वतःच रस्त्यावर राहतो. कोळी जॉर्दान त्याला दूरच्या समुद्रांच्या गोष्टी सांगतो. रस्त्यावर जादूचे खेळ करणारा एकजण आहे. ही भूमिका फिलिप पेती यांनी केली आहे. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांच्या मध्ये तार बांधून १९७४ साली त्यावरून चालत गेले होते, तेच हे पेती. शहराच्या टेकडीवर एका जुन्या घरात थी चिन नावाची व्हिएतनामी स्त्री एकटी राहते. ती मोंदोला बागेत येऊ देते, घरात झोपू देते आणि कुठला, कोणाचा असं काहीच विचारत नाही.

या सगळ्यांत माझा सर्वांत आवडता म्हणजे त्याला अक्षरं शिकवणारा म्हातारा. नीसचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. लाटांनी घासून घासून गुळगुळीत झालेले करडे गोटे. म्हातारा चाकूने एकेका गोट्यावर एकेक अक्षर कोरतो आणि त्याचा स्वभाव सांगतो. पहिलं अक्षर पंख मिटून बसलेल्या मोठ्या माशीसारखं, हे पूर्ण चंद्रासारखं, ते अर्ध्या चंद्रासारखं. पाटी नाही, पुस्तक नाही, हजेरीपट नाही. मोंदो ज्या दगडांवर झोपतो त्यांतलेच दगड उचलून त्याची बाराखडी तयार होते. शिक्षणावर मी बरंच वाचलं आहे, भाषणंही पुष्कळ ऐकली आहेत. एखाद्या मुलाला ‘तू वाचू शकशील’ असं सांगण्याची याहून सभ्य रीत मला कुठे सापडलेली नाही.

आणि मग ती गाडी. शहरातली भटकी कुत्री पकडणारी गाडी रस्त्यावरून हळूहळू फिरते. मोंदोला ठाऊक आहे, आई-बाप नसलेली पोरंही अशीच उचलली जातात. ती दिसली की तो लपतो. चित्रपट इथे आवाज चढवत नाही. मारहाण नाही, दुष्ट हवालदार नाही. गाडीत बसलेली माणसं आपलं काम करत असतात. त्यांच्या लेखी हे मूल उघड्यावर आहे, त्याला छप्पर द्यायला हवं, त्याच्या आईबापांचा शोध घ्यायला हवा. ऐकायला हे सगळं बरोबरच आहे! आणि तरीही प्रेक्षक म्हणून आपण मनात म्हणत राहतो, पळ रे बाबा, पळ.

असं का वाटतं, यावर मी पुष्कळ विचार केला. मला जे उमगलं ते असं: या गावात माया करणारी माणसं आहेत आणि कागद करणारी माणसं आहेत, पण दोन्ही करणारं एकही माणूस नाही. फळवाली फळ देते, कोळी गोष्ट देतो, म्हातारा अक्षर देतो. प्रत्येकाच्या देण्यात खरी आस्था आहे. पण दत्तक घेण्याचा प्रश्न आला की सगळे चपापतात, कारण तिथे रात्रीची सोय लागते, सही लागते, ‘हा माझा’ असं कचेरीत जाऊन सांगावं लागतं. जे सही करू शकतात त्यांच्याकडे मोंदोचा चेहरा नाही, नुसता नमुना आहे: बेवारस, अल्पवयीन, पुरुष. तो त्यांच्या हाती लागतो आणि थी चिन त्याची चौकशी करायला जाते, तेव्हा तिला विचारलं जातं की तुमचं त्याच्याशी नातं काय. तिच्यापाशी सांगण्यासारखं नातं नसतं. तिने त्याला घरात झोपवलं, खाऊ घातलं, त्याच्यासाठी दार उघडं ठेवलं, पण यातलं काहीच कागदावर नव्हतं.

चित्रपट ज्या कथेवर बेतला आहे ती ल क्लेझिओ यांची. १९७८ सालच्या त्यांच्या कथासंग्रहाची ती शीर्षककथा. ल क्लेझिओ नीसमध्येच १९४० साली जन्मले, घराणं मॉरिशसचं, आणि २००८ साली त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. मूळ कथेत मोंदो कुठला हे कोणालाच माहीत नाही. तो जवळजवळ परीकथेतला मुलगा आहे, एका सकाळी शहरात असतो आणि एका सकाळी नसतो. गातलिफ यांनी या भूमिकेसाठी ओव्हिदिऊ बालान हा रोमा मुलगा घेतला, म्हणजे लोक ज्यांना जिप्सी म्हणतात त्या समाजातला. या एका निवडीने कथेची जातच बदलली असं माझं मत आहे. परीकथेतल्या मुलामागे गाडी लागली तर ती परीकथेतली गाडी असते. रोमा मुलामागे लागलेल्या गाडीला मात्र नंबरप्लेट असते, तिच्यामागे कायदा असतो आणि शतकभराचा इतिहास असतो.

रोमा लोकांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून निघाले आणि इराण, आर्मेनिया, बायझंटाईन साम्राज्य असं करत युरोपात पोचले. त्यांच्या भाषेवरून अभ्यासकांनी हा मार्ग शोधून काढला. गातलिफ यांनी १९९३ सालच्या ‘लात्चो द्रोम’मध्ये हाच प्रवास राजस्थानच्या वाळवंटापासून स्पेनपर्यंत केवळ संगीतातून दाखवला होता. त्यानंतर लगेचच्या वर्षांत ‘मोंदो’ आला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी त्यांनी एका समाजाची हजार वर्षांची वाट चित्रित केली आणि मग त्या वाटेच्या टोकाला एकटं पडलेलं एक पोर.

फ्रान्समध्ये या वाटेवर सरकारने काय ठेवलं होतं, ते थोडं सविस्तर सांगायला हवं. १६ जुलै १९१२ च्या कायद्याने फिरस्त्यांना एक ओळखवही सक्तीची केली. साधं ओळखपत्र नव्हतं ते. त्यात माणसाची शरीरमापं लिहिलेली असत, समोरून आणि बाजूने काढलेले फोटो असत, बोटांचे ठसे असत. त्या काळी गुन्हेगारांची नोंद ज्या पद्धतीने होई तीच ही पद्धत. मुलांची नोंद कुटुंबाच्या सामायिक वहीत व्हायची. प्रत्येक गावात शिरताना आणि गावातून निघताना वहीवर शिक्का घ्यायचा. एप्रिल १९४० मध्ये, जर्मन सैन्य फ्रान्समध्ये यायच्या आधीच, फिरस्त्यांच्या फिरण्यावर बंदी घालणारा हुकूम निघाला, आणि नंतर त्यांना छावण्यांत डांबलं गेलं. देशभरात अशा तीसेक छावण्या होत्या. सहा हजारांहून जास्त माणसं आत होती आणि त्यांत मुलांचा भरणा मोठा होता. फ्रान्स १९४४ साली मुक्त झाला, पण काही छावण्यांतली माणसं १९४६ पर्यंत सुटली नाहीत. या गोष्टीची जबाबदारी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीरपणे मान्य केली ती २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, माँत्र्यूई-बेले इथल्या छावणीच्या जागेवर. ती १९१२ ची वही १९६९ साली गेली, पण तिच्या जागी नवी प्रवासपुस्तिका आली. फिरस्त्यांना वेगळी वही बाळगायला लावणारी पद्धत कायद्यातून पूर्णपणे हटली ती थेट जानेवारी २०१७ मध्ये.

हे वाचताना मराठी माणसाला सोलापूरची सेटलमेंट, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना जिथे कोंडून ठेवत ती वसाहत, आठवल्याशिवाय राहणार नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, हजेरी, पास, तारेचं कुंपण. इंग्रज सरकारने १८९७ च्या दुरुस्तीत अशा जमातींची मुलं आईबापांपासून वेगळी काढून सुधारगृहात ठेवण्याची तरतूदही केली होती. पुढे ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, पण पारध्यांच्या पालावर पहाटे पडणाऱ्या धाडी त्या दिवसापासून थांबल्या नाहीत. दोन देशांचे दोन कायदे एकमेकांची नक्कल होते असं मला म्हणायचं नाही. पण दोन्हीकडे ‘फिरतो म्हणजे काहीतरी लपवतो’ ही एकच समजूत कायद्याच्या भाषेत लिहिली गेली आणि दोन्हीकडे तिचा पहिला फटका लेकरांना बसला.

मोंदोला ना ती वही आहे ना दुसरा कुठला कागद. आधीच्या पिढ्यांना नको तितका कागद वागवावा लागला, याच्याकडे काहीच नाही. दोन्हींचा शेवट त्याच गाडीत होतो.

गातलिफ यांना हे बाहेरून समजलेलं नव्हतं. ते १९४८ साली अल्जीयर्समध्ये जन्मले, घरात अल्जीरियातल्या कबाईल समाजाचा आणि रोमांचा असे दोन्ही वारसे. साठच्या दशकात पोरवयात फ्रान्समध्ये आले, रस्त्यावर राहिले, सुधारगृहात राहिले. १९६६ साली मिशेल सिमाँ या मोठ्या नटाला भेटायला हा मुलगा नाटकानंतर त्यांच्या मेकअपच्या खोलीत शिरला. सिमाँ यांनी त्याला हाकललं नाही. आपल्या व्यवस्थापकाच्या नावे एक शिफारसपत्र लिहून दिलं आणि तिथून गातलिफ यांच्या अभिनयाची आणि पुढे दिग्दर्शनाची वाट सुरू झाली.

ही हकीकत वाचली तेव्हा मला ‘मोंदो’ नव्याने कळला. सिमाँ त्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवून, त्याला चांगलं जेवू घालून पाठवू शकले असते. तेही चांगलंच झालं असतं. त्यांनी त्याऐवजी दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. चित्रपटातल्या गोड माणसांपैकी कोणीही नेमकं तेवढंच करत नाही. मला वाटतं, गातलिफ यांना ठाऊक होतं की आपण ज्या मुलाची गोष्ट सांगतो आहोत त्याला ते पत्र मिळालेलं नाही.

या चित्रपटावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मी टाळणार नाही. हा मुलगा फार सुंदर हसतो, त्याच्या भुकेला वास नाही, त्याच्या कपड्यांत उवा नाहीत, समुद्रावरचं ऊन त्याच्या केसांवर नेमकं पडतं. रस्त्यावरचं बालपण असं नसतं. हे खरं आहे. काही प्रसंगांत, विशेषतः टेकडीवरच्या बागेतल्या, मलाही ते सौंदर्य जास्त झाल्यासारखं वाटलं. मुलाला इतकं निर्मळ केलं की तो शहराला शहाणपण शिकवायला आल्यासारखा दिसू लागतो, आणि मुलांनी आपल्याला शिकवायला यावं अशी अपेक्षा ठेवण्याचा हक्क आपल्याला नाही. पण दुसरी बाजूही बघा. रोमा मूल पडद्यावर येतं ते बहुतेक वेळा पाकीट मारताना किंवा गाडीच्या काचेवर टकटक करताना. मळलेलं तोंड, पसरलेला हात. त्या गर्दीत एका रोमा मुलाला दीड तास निवांतपणे बघायला लावणं, त्याचा चेहरा गोंडस दिसू देणं, त्याला समुद्राचा, झाडांचा, अक्षरांचा आनंद घेऊ देणं, हीसुद्धा एक भूमिका आहे. तो निरागस आहे म्हणून त्याला घर हवं, असं चित्रपट म्हणाला असता तर मी त्याच्यावर रागावले असते. तो तसं म्हणत नाही. तो इतकंच दाखवतो की हा मुलगा आपल्या कोणाही मुलाएवढाच बघण्याजोगा आहे.

आमच्याकडे चौकाचौकात फुगे आणि पेनं विकणारी मुलं असतात. माझी आई पिशवीत बिस्किटांचे पुडे ठेवून निघते आणि सिग्नलला वाटते. त्यातल्या एका मुलीशी तिची चांगली गट्टी जमली होती. नाव ठाऊक, आवडनिवड ठाऊक, दात कधी पडला तेही ठाऊक. मग पूल बांधायला काढला, ती माणसं तिथून उठवली गेली आणि मुलगी दिसेनाशी झाली. कुठे चौकशी करायची, कोणत्या नावाने करायची, आम्हाला काहीच सुधरेना. आडनाव कधी विचारलंच नव्हतं. थी चिन चौकशीला जाते तो प्रसंग पाहताना आई माझ्याशेजारी बसली होती.

म्हणूनच ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली सुरू झालेल्या सिग्नल शाळेचं मला मोल वाटतं. महापालिका आणि एक स्वयंसेवी संस्था यांनी मिळून ती उभी केली. मराठवाड्यातून दुष्काळामुळे आलेल्या, बहुतांशी पारधी कुटुंबांतली मुलं जिथे वस्तू विकत होती तिथेच, पुलाच्या खांबांमध्ये वर्ग भरू लागले. गोट्यांवर अक्षरं कोरणाऱ्या म्हाताऱ्याचं काम आणि पटावर नाव लिहिणाऱ्या कारकुनाचं काम इथे एकाच छताखाली आलं, तेही मुलांना त्यांच्या माणसांपासून न तोडता.

तोडण्याचा मोह सरकारांना फार लवकर होतो. २०१० च्या उन्हाळ्यात फ्रान्सने रोमानिया आणि बल्गेरियातून आलेल्या रोमांच्या वस्त्या उठवल्या आणि परत जायला मोठ्या माणसाला ३०० आणि मुलाला १०० युरो देऊ केले. ९ ऑक्टोबर २०१३ रोजी तर एका पंधरा वर्षांच्या रोमा मुलीला शाळेच्या सहलीवर असताना बसमधून उतरवून घेतलं आणि कुटुंबासह कोसोव्होला पाठवलं. पॅरिसमधले शाळकरी विद्यार्थी तिच्यासाठी रस्त्यावर उतरले. दहा दिवसांनी राष्ट्राध्यक्षांनी दूरचित्रवाणीवर सांगितलं की तिला शिकायचं असेल तर ती परत येऊ शकते, मात्र एकटीने. तिने नकार दिला, घरच्यांना सोडून येणार नाही म्हणाली. एका मुलीला शिक्षणाचा हक्क मिळावा म्हणून तिने आईबाप आणि भावंडं मागे टाकावीत, ही सूचना करणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू होता असं मला वाटत नाही. मोंदोच्या गाडीतल्या माणसांच्या मनातही नव्हता.

‘मोंदो’नंतर चौदा वर्षांनी, २००९ साली, गातलिफ यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या फ्रेंच रोमांवर ‘लिबेर्ते’ केला. खऱ्या घटनेवर आधारलेला. त्यातला एका गावचा मेयर जनावरांचा डॉक्टर आहे. छावणीत डांबलेल्या रोमा कुटुंबाला सोडवायला तो वडिलार्जित घर त्यांच्या नावावर करून देतो, कारण ज्याच्या नावावर घर आहे त्याला फिरस्ता म्हणून कोंडून ठेवता येत नाही. गावची शिक्षिका त्यांची मुलं शाळेत बसवते. म्हणजे ‘मोंदो’मध्ये जे कोणीच केलं नाही ते या दोघांनी केलं: आस्था ठेवली आणि कागदही केला. याच मेयरने युद्धात आईबाप हरवलेल्या एका फ्रेंच मुलालाही घरी आणलेलं असतं. नऊ वर्षांचा पोरगा, छप्पर आहे, जेवण आहे, शाळा आहे, जबाबदारी घेणारा माणूस आहे. आणि पहारे कडक झाल्यावर रोमा मंडळी पहाटे गाड्या जोडून निघतात, तेव्हा हा मुलगा सगळं सोडून त्यांच्याबरोबर जातो. पुढे काय वाढून ठेवलं आहे ते आपल्याला ठाऊक असतं, त्याला नसतं.

त्याला कोणी अडवायला हवं होतं का? आई म्हणते, अडवायलाच हवं होतं, दार लावून घ्यायला हवं होतं. मला तसं ठामपणे म्हणवत नाही. त्या मेयरने सगळं दिलं होतं, पण मुलाला ज्यांच्यात राहायचं होतं तेच देशाला नको होते, आणि ते एकट्या मेयरच्या हातातलं नव्हतं. आमचा हा वाद अजून चालू आहे. तुम्ही दोन्ही चित्रपट पाहिलेत तर तुमचं मत मला ऐकायचं आहे.